पैसे आले की येतील?

गेल्या हंगामात आमच्या गावात एक गोष्ट घडली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याला सोयाबीन घातले. पैसे बँकेत जमा व्हायचे होते. दोन दिवसांनी मोबाइल वाजला. निरोप इंग्रजीत होता. नातू पाचवीत शिकतो. त्याने वाचले, "अमाउंट विल बी क्रेडिटेड." क्रेडिटेड म्हणजे जमा, एवढे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, "आबा, पैसे जमा झाले!" आबांनी व्यापाऱ्याच्या वहीत 'सर्व रक्कम मिळाली' याखाली सही करून दिली. सही करायला ते नुकतेच शिकले होते. मग बँकेत गेले, तर खाते कोरडे. पैसे पुढे मिळाले. पण आपल्याच पैशासाठी परभणीला तीन हेलपाटे झाले, आणि दर वेळी ती सही त्यांच्यापुढे धरली गेली.

चूक कुठे झाली? पोराने मोठा शब्द वाचला, त्याच्या आधीचे दोन बारके शब्द सोडून दिले. काळ त्या बारक्या शब्दांत होता.

आपल्या मराठीत काळ शब्दाच्या शेपटात असतो. येतो, आला, येईल. शेपूट बदलले की काळ बदलला. 'आली' म्हटले तर बाई आली हेही कळते. इंग्रजीत बाप्या येवो की बाई, दोघांनाही 'केम' म्हणतात. आणि पुढे होणाऱ्या कामासाठी तर इंग्रजीत शेपूटच नाही. 'कम' हा शब्द आहे तसाच राहतो, त्याच्या आधी 'विल' येऊन बसते. विल कम म्हणजे येईल. अजून आलेला नाही.

आता एक गंमत पाहा. आपण परभणीकडचे लोक 'जायलो, करायलो' म्हणतो. शहरातली माणसे हसतात. हसू द्या. 'मी जेवतो' ही झाली रोजची रीत. 'मी जेवायलो' म्हणजे घास या घडीला हातात आहे. इंग्रजीतही हाच भेद आहे. पहिल्याला 'आय ईट' म्हणतात, दुसऱ्याला 'आय ॲम ईटिंग'. आधी ॲम, इज किंवा आर, आणि शब्दाच्या शेवटी 'इंग' ऐकू आले, की ते आपले 'जेवायलो' समजावे. आम्ही वर्गात पुस्तकाप्रमाणे 'मी जेवत आहे' असे सांगत होतो, तेव्हा पोरे गोंधळत. एके दिवशी 'जेवायलो' म्हणून सांगितले, आणि सगळ्या वर्गाला एकदम उमजले. बारा काळांचे कोष्टक आम्ही वर्षानुवर्षे पाठ करून घेतले, त्यापेक्षा हे बरे होते!

मात्र एक लक्षात ठेवा. रेल्वेच्या फलाटावर 'इज अरायव्हिंग' असे ऐकू येते, तेव्हा गाडी दिसतही नसते. आपणही घरातूनच 'आलो, आलो' म्हणतो की नाही? तसेच ते.

झालेल्या कामाला 'हॅज' किंवा 'हॅव' लागते. हॅज कम म्हणजे आला आहे. नुसते 'केम' म्हणजे आला होता, मग कदाचित गेलाही असेल. 'काल' हा शब्द सोबत असेल तर इंग्रजीत हॅज चालत नाही, तिथे केमच म्हणावे लागते.

आता आबांच्या निरोपाकडे परत येऊ. क्रेडिटेड म्हणजे 'जमा केलेले'. केव्हा केले, की करणार, हे आधीचा शब्द सांगतो. विल बी क्रेडिटेड म्हणजे जमा होतील. हॅज बीन किंवा इज क्रेडिटेड म्हणजे जमा झाले. बँकेच्या तुटक निरोपात कधी नुसतेच क्रेडिटेड असते, तेव्हाही झाले असेच समजावे. डेबिटेड असेल तर पैसे खात्यातून गेले. मध्ये 'नॉट' आले, तर सगळेच उलटे. हॅज नॉट बीन म्हणजे झालेले नाहीत.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. तेव्हा घरात वाचणारे पोर बहुधा असतेच. त्याला अर्थ विचारण्याआधी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायला सांगा. विल ऐकू आले तर सही करू नका, पासबुक भरून घ्या आणि मग पाहा.

'अकाउंट विल बी ब्लॉक्ड', म्हणजे खाते बंद होईल, असेही निरोप येतात. त्यात एक नंबर देतात आणि घाई करतात. पुष्कळदा ते ठकांचे असतात. तिथेही विलच आहे. खाते अजून बंद झालेले नाही. त्या नंबरावर फोन करू नये. पासबुक घेऊन सरळ आपल्या बँकेत जावे आणि तिथल्या माणसाला निरोप दाखवावा.