गल्लीची इर्जिक

मराठवाड्यातील खेड्यांत इर्जिकीची चाल फार जुनी आहे. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट मागे पडली, किंवा घरात आजारपण आल्यामुळे पेरणी खोळंबली, म्हणजे शेजारचे शेतकरी आपापली औते व बैल घेऊन त्याच्या शेतावर जात. मजुरी कोणी मागत नसे. शेतमालकाच्या घरचे जेवण हाच त्या श्रमाचा मान असे. आज बैलांची जागा बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे. परंतु एकट्याला न झेपणारे काम अनेकांनी मिळून उरकावे, हा इर्जिकीमागचा विचार आजही तितकाच उपयोगी आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील वसमत तालुका हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळद काढणे, शिजविणे व वाळविणे ह्या कामांत सारे घर गुंतलेले असते. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला आपापल्या बेताचे काम मिळते. हीच रीत गावाच्या कामाला लावता येते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की सगळ्या घराने मिळून करावे असे गावाचे काम शोधावे कसे?

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांनी व वडीलधाऱ्यांनी वही घेऊन आपल्या गल्लीतून एक फेरी मारावी. सांडपाणी कोठे तुंबले आहे, कचरा कोठे साचला आहे, नळ कोठे गळतो आहे, हे टिपून गल्लीचा साधा नकाशा काढावा. नंतर प्रत्येक कामाविषयी तीन प्रश्न विचारावे. ह्या कामाची गावाला खरोखर गरज आहे काय? त्यात लहानथोर सर्वांना काही करता येईल काय? ते एकदा केल्यावर पुढे आपल्याला सांभाळता येईल काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे आले, म्हणजे ते काम कुटुंबाने हाती घेण्याजोगे समजावे.

अशा कसोटीला उतरणारे एक काम म्हणजे शोषखड्डा. न्हाणीतील व भांडी धुण्याचे पाणी रस्त्यावर वाहते. त्याची डबकी होतात. डबक्यांत डास वाढतात. असे पाणी घराजवळच जमिनीत मुरविण्याची सोय म्हणजे शोषखड्डा होय. सुमारे चार फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा खणतात. त्याच्या मधोमध वरच्या बाजूस भोके असलेली सिमेंटची टाकी ठेवतात व भोवताली दगडगोटे भरतात. पाणी आधी टाकीत येते. त्यातील गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी भोकांतून दगडांत व तेथून जमिनीत जाते. वसमतकडील काळी चिकण माती पाणी सावकाश शोषते. म्हणून शक्य तेथे मुरूम लागेपर्यंत खणावे. खड्डा विहिरीपासून व हातपंपापासून दूर असावा आणि शौचालयाचे पाणी त्यात कधीही सोडू नये.

ह्या कामात प्रत्येकाला वाटा आहे. खणण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे. मुलांनी लहान दगड गोळा करून आणावे. आजी-आजोबांनी ते आकाराप्रमाणे निवडावे. खड्ड्याची कड ढासळण्याचा संभव असतो. म्हणून मुलांनी आत उतरू नये, आणि अर्धवट खणलेला खड्डा रात्री उघडा ठेवू नये. खर्चाची अडचण असल्यास रोजगार हमी योजनेतून साहाय्य मिळेल काय, ह्याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

एका घराचे पाणी ते किती, असे कोणी म्हणेल. एका घरातून दिवसाला २०० लिटर सांडपाणी बाहेर पडते असे धरले, तर १०० घरांचे २०,००० लिटर होते. वर्षाचा हिशेब केला, तर तो ७३ लाख लिटरांवर जातो. एवढे पाणी रस्त्यावर चिखल करण्याऐवजी जमिनीत मुरते.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी ह्या गावाने हे करून दाखविले. हिमायतनगर तालुक्यातील ह्या गावात घरोघरी शोषखड्डे झाले. उघड्या गटारांची गरज उरली नाही आणि डासही कमी झाले. पुढे जिल्ह्यातील इतर अनेक गावांनी हाच मार्ग धरला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गल्लीतील वीस घरांपैकी एकोणीस घरांनी खड्डे केले आणि एका घराचे पाणी वाहत राहिले, तर त्या एका डबक्यातील डास वीसही घरांत शिरतात. कदाचित त्या घरात एकटी म्हातारी राहत असेल. तिला खड्डा खणणे शक्य नसेल. तिला दोष देऊन डबके आटत नाही. तेथे एकोणीस घरांनी मिळून विसाव्या घराचा खड्डा खणावा. इर्जीक म्हणतात ती हीच.

खड्डा झाला म्हणजे काम संपत नाही. टाकीतील गाळ मोठ्या माणसांनी वरचेवर काढावा लागतो. शिवाय डेंग्यूचा डास घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळून रांजण, टाक्या व कूलर रिकामे करून घासावे. ते कोणत्या घरी झाले, कोणत्या घरी राहिले, ह्याची नोंद मुलांनी नकाशाच्या वहीत ठेवावी.

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडले. गाव झाडून झाल्यावर ते कीर्तनाला उभे राहत आणि लोक त्यांचे ऐकत. कारण त्यांनी आधी केले होते व मग सांगितले होते. राज्य शासनाने २०००-०१ साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले आहे. घरातील मोठी माणसे जे काम करताना मुले पाहतात आणि ज्या कामाला स्वतःचे हात लावतात, ते काम त्यांना निराळे शिकवावे लागत नाही. पुढे ती मोठी झाली, म्हणजे शेजारच्या अडल्या घरी बोलावण्याची वाट न पाहता जातात.