नोंदींचे रक्षण आणि ‘रेड’ योजना

शाळेच्या जनरल रजिस्टरातील एक ओळ म्हणजे एका मुलाच्या जन्मतारखेचा व शिक्षणाचा पुरावा होय. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, तेव्हा नदीकाठी कित्येक घरांतील कागदपत्रे भिजून गेली. आता विद्यार्थ्यांच्या नोंदी ‘यूडायस प्लस’सारख्या व्यवस्थेद्वारे संगणकातही ठेवल्या जातात. संगणकात माहिती सुरक्षित कशी राखतात, हे शिक्षकांनी समजून घेणे इष्ट आहे.

संगणकाची डिस्क हीदेखील यंत्रच. ती केव्हातरी बिघडणारच. यास्तव पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या कॅलिफोर्निया विद्यापीठातील तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध करून अनेक स्वस्त डिस्का एकत्र योजण्याची पद्धत मांडली. तिलाच ‘रेड’ म्हणतात. तिचे मुख्य प्रकार असे :

रेड ०. माहितीचे तुकडे सर्व डिस्कांवर वाटले जातात. वेग वाढतो, परंतु एक डिस्क गेली की सर्वच जाते.

रेड १. प्रत्येक नोंदीची दुसऱ्या डिस्कवर दुबार प्रत असते. निम्मी जागा खर्ची पडते.

रेड ५. समजा, तीन डिस्कांवर ७, ५ व ९ हे अंक आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ आहे. दुसरी डिस्क बिघडली, तर २१ मधून ७ व ९ वजा करताच ५ परत मिळतात. प्रत्यक्षात यंत्र बेरजेऐवजी एकांची संख्या सम की विषम एवढेच टिपते, आणि ही टिपणे सर्व डिस्कांवर विभागून ठेवते.

रेड ६. अशी दोन टिपणे असल्याने दोन डिस्का एकदम बिघडल्या तरी निभावते. मोठी डिस्क पुन्हा भरण्यास कित्येक तास लागतात. त्या अवधीत दुसरी बिघडण्याची भीती असते, म्हणून हा प्रकार उपयुक्त ठरतो.

डिस्काही दोन जातींच्या असतात. फिरणारी डिस्क मिनिटास बहुधा ७२०० फेरे घेते. ती स्वस्त व मोठ्या साठ्यास योग्य असते. फिरता भाग नसलेली एसएसडी फार जलद, परंतु महाग असते.

तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रेड केवळ डिस्कच्या बिघाडापासून वाचविते. चुकून पुसलेली नोंद सर्व डिस्कांवरून एकदमच पुसली जाते, आणि पुराचे पाणी खोलीत शिरले तर एकाच कपाटातील सर्व डिस्का एकदमच बुडतात. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावी, उंचावर असावी. ती अधूनमधून उघडून वाचता येते की नाही, हेही पाहावे.

वरील बेरजेचा प्रयोग चौथीच्या वर्गात चार मुलांच्या हाती अंकांच्या चिठ्ठ्या देऊन सहज करता येईल. एक चिठ्ठी लपवावी आणि हरवलेला अंक मुलांनीच शोधावा. वजाबाकीचा उपयोग त्यांना आपोआप पटेल.