दोन सेकंदांची बॅग

२०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून निघालेलं विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटलं. आत धूर भरत असताना वरच्या कप्प्यातून सामान काढणाऱ्या प्रवाशांचा व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरला. त्यावर तेव्हा ऐकलेलं समर्थन आजही ऐकू येतं: ‘पासपोर्ट, पैसे, औषधं त्यातच असतात. बॅग काढायला लागतात किती? दोन सेकंद!’

अहो, ते दोन सेकंद तुमचे एकट्याचे नसतात. मधली वाट एका माणसाच्या रुंदीची. तुम्ही हात वर केलात की मागची अख्खी रांग थांबते.

२८ ऑक्टोबर २०१६ला शिकागोहून मायामीला निघालेल्या बोइंग ७६७च्या उजव्या इंजिनातली टर्बाइनची चकती धावपट्टीवरच फुटली, इंधन गळून पेटलं. वैमानिकांनी उड्डाण रद्द करून विमान थांबवलं. अमेरिकी तपास यंत्रणा एनटीएसबीच्या अहवालात एक प्रसंग आहे. बॅग सोडायला तयार नसलेल्या प्रवाशाच्या हातून केबिन क्रूमधल्या एकाने ती ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पण या झटापटीतच वेळ जातोय हे लक्षात आल्यावर बॅग नेऊ दिली. बाहेर पंख जळत होता! १७० जण वाचले, म्हणून बॅग नेणं योग्य ठरत नाही.

मँचेस्टरला २२ ऑगस्ट १९८५ रोजी इतका वेळ मिळाला नाही. तिथेही उड्डाण घेताना इंजिन फुटलं, तुकड्याने इंधनाची टाकी फोडली. विमान जमिनीवरच थांबलं होतं, तरी १३७ पैकी ५५ जण गेले. ब्रिटिश तपासानुसार त्यातल्या ४८ जणांचा जीव घेतला तो धुराने. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो. माणूस काही श्वासांतच कोसळतो.

त्यानंतर ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड संस्थेच्या संशोधक हेलन म्यूर यांनी विमानात स्वयंसेवक बसवून प्रयोग केले. आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना पाच पौंड जास्त द्यायचे, एवढंच आमिष. आग नाही, धूर नाही, तरी माणसं दाराशी एकमेकांत अडकली.

‘पण ९० सेकंदांत विमान रिकामं होतं, अशी चाचणीच असते ना?’ असते. ए३८० मधून २००६च्या चाचणीत ८७३ जण ७८ सेकंदांत उतरले, तेही निम्मीच दारं वापरून. त्यांनी वरचे कप्पे उघडले नव्हते.

इंजिन पेटलं की विमान कोसळतं, हाही गैरसमज. वैमानिक त्या इंजिनाचं इंधन तोडतात, आग विझवणारा वायू सोडतात आणि दुसऱ्या इंजिनावर विमान उतरवतात.

आग दिसताच जवळचं दार उघडावं, हे तर धोक्याचंच. दाराबाहेर ज्वाळा असू शकतात. शिकागोत लोक उतरत होते तेव्हा डावं इंजिन चालूच होतं. त्याच्या झोताने पडून एक प्रवासी गंभीर जखमी झाला. क्रूची सूचना ऐका.

परदेशात पासपोर्ट हरवला तरी भारतीय वकिलातीकडून परतीचा दाखला मिळतो. एवढ्यावरही राहवत नसेल तर विमान सुटताना आणि उतरताना पासपोर्ट नि रोजच्या गोळ्या खिशात ठेवा, बूट पायात असू द्या आणि पुढचं-मागचं दार किती ओळींवर आहे ते मोजून ठेवा. बॅग मात्र वरच राहू द्या.