फाइल सापडली, पण ती कशाची? हार्ड डिस्क गेल्यानंतरचा शोध

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कने मान टाकली. आधी फोल्डर उघडायला वेळ लागायचा, मग एक दिवस काहीच उघडेना. सहा महिन्यांची रीडिंग्ज त्यात होती आणि बॅकअप "पुढच्या रविवारी" घ्यायचा होता!

लॅबमधल्या सीनियरने पहिली गोष्ट सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा: बिघडलेल्या डिस्कवर काहीही करत बसू नका. आम्ही 'डीडीरेस्क्यू' वापरून दुसऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी प्रत घेतली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर केलं. मग 'फोटोरेक' हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी हजारो फाइल्स मिळाल्या, पण ओळखीचं एकही नाव दिसेना. एफ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा, बस्स.

असं का होतं? फाइलचं नाव, फोल्डर आणि तारीख ही माहिती डिस्कवर वेगळ्या नोंदवहीत असते आणि मजकूर दुसरीकडे. ग्रंथालयातलं रजिस्टर जळालं आणि पुस्तकांची मुखपृष्ठंही गेली, असं समजा. पुस्तकं मांडणीवर आहेत, पण कुठलं कोणतं ते आत वाचूनच कळणार. फोटोरेक तेच करतं. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते. वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाइल्स मुळात झिप असतात, म्हणून त्या 'पीके' या अक्षरांनी सुरू होतात. (झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं!)

म्हणजे आता नावाने शोधून उपयोग नाही, आतल्या मजकुराने शोधायचं. मी हे असं केलं:

१. फाइल्स प्रकारानुसार वेगळ्या केल्या. अगदी लहान चित्रं बाजूला काढली. ती बहुतेक ब्राउझरमधली असतात.

२. फोटोंच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख असते, वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचं नाव असतं. त्यावरून क्रम लावला. फोल्डरमध्ये दिसणारी तारीख रिकव्हरीची असू शकते, तिच्यावर विसंबू नका.

३. फक्त माझ्याच फाइलमध्ये असेल असा शब्द शोधला. साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये 'ग्रेप' लगेच शोधतं. वर्ड-एक्सेलच्या फाइल्स आतून दाबलेल्या असतात, त्यांच्यासाठी आतला मजकूर वाचणारं सर्च लागतं.

४. जे मिळालं नाही ते गाइडना पाठवलेल्या मेलमध्ये, लॅबच्या उपकरणाला जोडलेल्या कॉम्प्युटरवर आणि जुन्या पेन ड्राइव्हमध्ये पाहिलं. थिसिसचं दुसरं प्रकरण मला मेलमध्येच सापडलं.

आता खरी गोष्ट. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या फाइल्स साध्या टेक्स्ट होत्या. ज्यांच्या पहिल्या ओळीत मी नमुना क्रमांक आणि तारीख टाइप केली होती, त्या अर्ध्या तासात मिळाल्या. पण नऊ फाइल्समध्ये नुसते दोन कॉलम होते: तरंगलांबी आणि शोषण. आकडे शाबूत, पण नमुना कोणता? ते फक्त फाइलच्या नावात होतं आणि नाव गेलं होतं. अंदाजाने जोडले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तो डेटा राहिला नसता. ते नऊ नमुने मी पुन्हा केले. पाच आठवडे गेले.

म्हणून बॅकअप तर घ्याच: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पण आणखी एक सवय आजच लावून घ्या. प्रत्येक फाइलच्या आत, पहिल्याच ओळीत, कुणी, कधी, कशावर मोजलं ते लिहा. नाव पुसलं गेलं तरी फाइलला आपली ओळख सांगता आली पाहिजे.

हे वाचून झाल्यावर तुमची सगळ्यात अलीकडची डेटा फाइल उघडा. पहिली ओळ काय सांगते?