एकेका पेशीची जबानी

मधुमेहाचें नांव ज्या घरांत निघत नाहीं असें घर आज विरळा. पथ्याची व इन्सुलिनच्या सुईची चर्चा आमच्या वाचकांच्या माजघरांतही होत असेल. परंतु ज्या पेशी इन्सुलिन निर्माण करतात त्यांची झडती शास्त्रज्ञ कशी घेतात, ही हकीकत क्वचितच कानीं पडते.

पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें १८६९ सालीं स्वादुपिंडांतील पेशींच्या लहान लहान बेटांचें वर्णन केलें. माणसाच्या स्वादुपिंडांत अशीं सुमारें दहा लाख बेटें असतात, तरी त्यांचें एकूण वजन त्या अवयवाच्या शेंकडा एक-दोन इतकेंच भरतें. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन करतात, तर शेजारच्या आल्फा पेशी रक्तांतील साखर वाढविणारें ग्लुकागॉन. नवल हें कीं, दोघींजवळ जनुकांचा संच एकच! फरक एवढाच कीं, कोणतें जनुक कोठें जागें आहे. जाग्या जनुकाच्या नकला आरएनए या द्रव्यांत उतरतात. त्या वाचून मोजल्या म्हणजे पेशीचें चालू काम कळतें.

पूर्वीं अनेक बेटें एकत्र घोटून हें वाचन करीत. परंतु गोपाळकाल्याच्या घासावरून कोणाच्या शिदोरींतलें दहीं आंबट होतें, हें कसें सांगावें? म्हणून एकेक पेशी सुटी करून वाचण्याची रीत निघाली. तिचे प्रकार दोन. एकांत प्रत्येक पेशी स्वतंत्र खळग्यांत ठेवून नकला अथपासून इतिपर्यंत वाचतात. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेंत २०१६ सालीं सहा निरोगी व चार मधुमेही दात्यांच्या पेशी अशा वाचल्या गेल्या. दुसऱ्यांत तेलांत तरंगणाऱ्या पाण्याच्या थेंबांत एकेक पेशी कोंडून तिच्या नकलांना खूणचिठ्ठी जोडतात. हजारों पेशी एका दमांत उरकतात, मात्र नकलेचें टोंकच वाचलें जातें.

येथवर सारें सुरळीत वाटतें. परंतु पेशी सुट्या करतांना कांहीं फुटतात, आणि बीटा पेशींत इन्सुलिनच्या नकला इतक्या विपुल कीं, त्या भोंवतालच्या द्रवांत पसरून परक्या थेंबांत शिरतात. मग बिचारी आल्फा पेशीही इन्सुलिन करीत असल्याची खोटी साक्ष देते! ही भेसळ गणितानें वजा करावी लागते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. या पेशी बहुधा मृत दात्यांच्या असतात, आणि दाते थोडे. चार माणसांच्या दहा हजार पेशी वाचल्या तरी माणसें चारच. त्यांचें वय, वजन, मृत्यूपूर्वींचे उपचार हीं भिन्न. त्यामुळें रोगाचा म्हणून दाखविलेला फरक केवळ त्या व्यक्तीचा असूं शकतो. पहिल्या कांहीं प्रयोगांनीं मधुमेहांत बिघडणाऱ्या जनुकांच्या ज्या याद्या दिल्या, त्या एकमेकींशी फारशा जुळल्या नाहींत, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. पेशींच्या मोठ्या आंकड्यांची वर्तमानपत्रांना भुरळ पडते. दाते किती होते, हें मात्र बातमींत शोधावें लागतें.

अलीकडे गोठविलेल्या तुकड्यांतून पेशींचीं केंद्रकेंच काढून वाचण्याची रीतही वापरांत आली आहे. तींत नकला कमी हातीं लागतात. पण जिवंत पेशी सुट्या करण्याची यातायात टळते, आणि जपून ठेवलेल्या अधिक दात्यांपर्यंत पोहोंचतां येतें.