ग्राइंडरच्या दगडाची पारख
बेंच ग्राइंडरचा दगड, म्हणजे कठीण कण चिकटद्रव्याने बांधून घडवलेले चाक, १५० मिलिमीटर व्यासाचा असून मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावते. म्हणूनच त्यातील न दिसणारी तडदेखील जीवघेणी ठरू शकते. नवा दगड बसवण्यापूर्वी तो अधांतरी धरून लाकडी मुठीने हलकेच ठोकावा आणि खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला, तर निःसंकोच टाकून द्यावा. वस्तू टेकवण्याचा आधार, अर्थात टूल रेस्ट, दगडापासून ३ मिलिमीटरपेक्षा दूर नसावा, कारण फटीत वस्तू अडकली की दगड फुटू शकतो; दगड झिजतो तशी ही फट रुंदावते, आणि दुर्दैवाने याकडेच फार दुर्लक्ष होते. अशीच खबरदारी इतर घासयंत्रांवरही हवी: बेल्ट सँडरवर, म्हणजे फिरत्या घासपट्ट्याच्या यंत्रावर, लाकडाचा साचलेला भुसा काढल्याविना लोखंड घासू नये. ठिणगीने तो पेटतो.