जुनं जपणाऱ्यांची नोकरी

मार्च २०२५ मधली गोष्ट आठवते ना? 'छावा' सिनेमा आला आणि आपल्या असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च, मेटल डिटेक्टर घेऊन खणायला लागले. मुघलांच्या सोन्याच्या मोहरा सापडतात, अशी आवई उठली होती. सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं. आपण बघितलं, हसलो आणि विसरलो.

पण त्यात नुकसान काय झालं, हे समजून घ्यायला हवं. नाणं हातात आलं तरी ते मातीच्या कोणत्या थरात होतं, शेजारी खापर होतं की राख होती, ही माहिती एकदा उकरल्यावर कायमची जाते. ती टिपून ठेवणं हेच पुरातत्त्वज्ञाचं काम. आता प्रश्न असा की, हे काम करणाऱ्या माणसाची स्वतःची नोकरी कशी असते?

या क्षेत्रात ढोबळमानाने तीन प्रकारची माणसं आहेत. पहिली कायम नोकरीतली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ही संस्था १८६१ साली सुरू झाली. असीरगड आणि शाही किल्ला तिच्याच देखरेखीखाली आहेत. तिथल्या कायम माणसाला वेतनश्रेणी, रजा, निवृत्तीचे लाभ मिळतात. दुसरी कंत्राटी मंडळी. पुरातत्त्वात एम.ए. केलेली, नकाशे काढणारी, फोटो घेणारी मुलंमुली. प्रकल्प संपला की घरी. तिसरे रोजंदारीवरचे मजूर. यांचा हात इतका बसलेला असतो की कुदळीच्या आवाजावरून माती कुठे बदलली ते सांगतील. अहवालावर नाव मात्र साहेबांचं.

माणसं पुरेशी आहेत का? २०२२ च्या संसदीय समितीच्या अहवालात आकडा आहे. देशात केंद्राची संरक्षित स्मारकं ३,६९३. त्यांच्या रक्षणासाठी गरज ७,००० माणसांची. प्रत्यक्षात २४८ ठिकाणी मिळून नेमता आली २,५७८. कारण दिलं पैशांची टंचाई. त्याच अहवालात पन्नास स्मारकांचा पत्ताच लागत नाही, असंही म्हटलं होतं. म्हणजे पदं भरली नाहीत तर नोकऱ्या तर जातातच, वास्तूही जातात.

आता अडचण कुठे येते ते पाहू. उत्खननाचा परवाना हंगामापुरता मिळतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून काम साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाआधी थांबतं. कामगार कायद्यात सलग सेवा धरताना वर्षात २४० दिवस भरले का, हे बघतात. हंगामी माणसाचे तेवढे दिवस भरतच नाहीत. तो दहा वर्षं आला तरी कागदावर दर वर्षी नवा. १९९३ साली केंद्र सरकारने रोजंदारीच्या लोकांना 'तात्पुरता दर्जा' देण्याची योजना आणली, पण ती १ सप्टेंबर १९९३ ला कामावर असलेल्यांपुरतीच ठरली. मग २००६ च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नुसती अनेक वर्षं नोकरी केली म्हणून कायम होता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'जग्गो' प्रकरणात मात्र त्याच कोर्टाने बजावलं की, कायमस्वरूपी कामासाठी वर्षानुवर्षं माणसं तात्पुरती ठेवायची आणि उमादेवी निकालाची ढाल करायची, हे चालणार नाही.

एकट्या माणसाने कोर्टाची पायरी किती वेळा चढायची? म्हणून संघटना लागते. १९२६ च्या कायद्यापासून आजच्या औद्योगिक संबंध संहितेपर्यंत एक आकडा तोच राहिला आहे: युनियनच्या नोंदणीसाठी किमान सात माणसं. त्या आस्थापनेतल्या दहा टक्के किंवा शंभर कामगारांचा, यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढा पाठिंबाही लागतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना मान्यतेचे वेगळे नियम आहेत. अडचण अशी की, कायम माणसांची संघटना असली तरी कंत्राटी पोरगा तिच्या बाहेरच राहतो आणि मजूर ठेकेदाराचा म्हणून मोजला जातो.

ब्रिटनमध्येही हाच त्रास आहे. १९९० नंतर तिथे बांधकाम कंपन्यांच्या पैशातून उत्खनन होऊ लागलं. कंत्राट संपलं की काम संपलं. तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी 'प्रॉस्पेक्ट' या युनियनमध्ये आपली वेगळी शाखा केली आहे. पगार आणि सुरक्षितता यांवर ती मालकांशी बोलते. पगार लगेच दुप्पट झाला नाही, पण बोलायला एक टेबल मिळालं.

आपल्यातले काही जण उद्या या क्षेत्रात जातील. आपला कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला आहे, कामं निघतील. तेव्हा लाजू नका, चार गोष्टी विचारा. नेमणूकपत्र लेखी मिळेल का? रोज किती आणि पीएफ कापला जाईल का? खड्ड्याची भिंत ढासळून अपघात झाला तर खर्च कोणाचा? अहवालात नाव येईल का? आणि एक लक्षात ठेवा: ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम चाललंय त्या मूळ संस्थेवर येते. हे तुम्हाला माहीत असेल, पण तुमच्या शेजारी टोपली उचलणाऱ्या मावशींना बहुतेक नसेल. ते त्यांना सांगा. सातमधले दोघे तिथेच झाले.